काजळीचे मोजे

"वाळू! पुन्हा वाळू!"

अनंतनं हातातला मोजा उलटा करून विहिरीच्या दगडावर आपटला. तांबूस मुरूम भुरभुर खाली सांडला. "बघ मैने, कालच्यापेक्षा आज जास्त आहे! मी पैजेवर सांगतो, हे कुणाचं तरी कारस्थान आहे!"

"कुणाचं?" बाळचे डोळे मोठ्ठे झाले.

"शत्रूचं!"

"कोणता शत्रू? निजाम?"

"हो, हो! निजाम पहाटे उठतो, बुधवार पेठेत येतो आणि तुमच्या घोडीच्या मोज्यात मूठभर वाळू टाकून परत जातो! अरे, डोकं आहे की खोबऱ्याची वाटी?"

मोजा म्हणजे आपण पायात चढवतो तसला नव्हे हं! हा घोडीचा मोजा. बाहेरून जाड कातडं, आतून लोकरीचा नमदा आणि बाजूला पट्टे. घोडीच्या गुडघ्याखाली जी सरळ नळी असते, तिथून घोट्यापर्यंत तो गुंडाळायचा. दुखऱ्या शिरेला आधार मिळावा आणि दगडधोंड्यांत पायावर पाय आपटला तरी इजा होऊ नये, म्हणून. पेशवाईतल्या त्या पुण्यात घोडी ढिगानं होती. पण मोजे घालून निघणारी घोडी बुधवार पेठेत एकच, ती म्हणजे मैनाची काजळी!

नवरात्र बसलं, तशी पंतोजींनी शाळेला दसऱ्यापर्यंत सुट्टी दिली होती. शेजारचा अनंत आणि मैनाचा धाकटा भाऊ बाळ, दोघांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, की या सुट्टीत एक तरी भानगड शोधून काढायचीच. आणि भानगड तर आयती घरातच निघाली! काजळी सकाळी सरळ पायांनी फिरायला जायची आणि दुपारी लंगडत परत यायची. मोजे घोट्यापाशी घसरलेले, आत मुरूम, आणि घोट्यावरची कातडी सोलवटलेली. रोज!

"मैने, तू काहीच बोलत नाहीस," अनंत म्हणाला.

मैना काजळीच्या पायावर पाणी ओतत होती. तिनं नुसती मान हलवली. बोलण्यासारखं तिच्याजवळ होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मैनाचे आबा, हिंदुराव, कर्नाटकाच्या मोहिमेवर गेले होते. स्वारी परतली, तरी ते तिकडच्या एका ठाण्यावर थोड्या माणसांनिशी मागे राहिले. भाद्रपदात एक स्वार दारात आला. त्याच्या हातात काजळीचा लगाम होता आणि काजळीच्या पाठीवर नुसतं खोगीर. नदीला पूर होता, असं तो सांगत होता. हिंदुरावांनी सगळ्यांना आधी पार लावलं. शेवटच्या खेपेला घोडी पोहत काठाला लागली. एकटीच. वर चढताना दगडावर आपटून तिच्या डाव्या पायाची शीर तेवढी दुखावली.

मैनाला त्या दिवसाचं एवढंच आठवत होतं, की काजळी दारात उभी राहून ओळखीचं खिंकाळली होती आणि आई हसत बाहेर आली होती.

त्या घराची एक रीत होती. घरचा स्वार गेला, की त्याचं जनावरही सुतकात. त्याच्यावर जीन चढवायचं नाही, त्याला फिरवायचं नाही, ठाणावरून, म्हणजे बांधायच्या जागेवरून, हलवायचं नाही. आई आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसून राहिली, आणि मागच्या अंगणात काजळी पुढचे-मागचे पाय दोरांनी बांधलेली उभी राहिली. सुतक फिटलं त्या पहिल्या सकाळी जयसिंगकाकांनी, आबांच्या धाकट्या भावानं, देवाला नमस्कार केला आणि ठाणावरच काजळीच्या पायाभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं. घोड्यांच्या वैद्यानं, सालोत्र्यानं, सांगितलं होतं, की मोजे बसवा, घोडी मोहिमेला जाईल.

आता आबांच्या जागी काका जाणार होते. दसऱ्याला प्रस्थान ठेवायचं, कोजागरीनंतर गारपिराच्या माळावर घोड्यांची हजिरी आणि मग कूच.

"हजिरीत घोडी लंगडली, तर ती नापसंत होईल, वहिनी," काका दाराआडून आईला म्हणाले होते. "मग मी पागेच्या घोड्यावर जाईन. हिला मांजरी गावच्या मळ्यावर ठेवू. शिंगरं होतील, सुखानं राहील."

मैनानं ते ऐकलं होतं. मांजरीचा मळा! उसाच्या कडेची ती चिंच! तिथं काजळी राहिली, तर हवं तेव्हा तिच्या मानेला मिठी मारता येईल. आबांचं म्हणून जे काही परत आलं होतं, ते एवढंच होतं. म्हणून पहिल्या माळेला घटापुढे हात जोडून मैनानं मनातल्या मनात म्हटलं होतं, 'देवी, काजळीला लंगडू दे.'

आणि काजळी लंगडत होती.

"संशयित पहिला!" अनंत कुजबुजला. "तुमचा मोतद्दार. घोडीची निगा राखणारा बजरंग!"

"बजरंगदादा?" बाळ उखडला. "तो तर काजळीला स्वतःच्या भाकरीतला गूळ देतो!"

"तेच तर! एवढं प्रेम करणारी माणसंच संशयास्पद असतात."

"मग आमच्या घरी तूही फार येतोस!"

मैनाला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं, पण ते तिनं लगेच गिळलं. "उद्या त्याच्या मागनं जाऊ," ती म्हणाली. "आणि कुणी पट्टे उघडतंय का, तेही कळेल. मी खूण करते."

आईची काजळाची डबी आता कोनाड्यात नुसतीच पडून असे. मैनानं ती उचलली, आणि सकाळी मोजे चढवून झाल्यावर प्रत्येक पट्ट्यावर काजळाची बारीक रेघ ओढली. अर्धी पट्ट्यावर, अर्धी खालच्या कातड्यावर. पट्टा कुणी नुसता सैल केला, तरी रेघ तुटणार!

"वा!" अनंत म्हणाला. "हे मला सुचायला हवं होतं."

"सुचलं असतं, पण तुझं तोंड चालू होतं ना," बाळ म्हणाला.

तेवढ्यात काका आले. त्यांनी खाली वाकून मोजा चाचपला. "बघा, कसा चपखल बसलाय! याला म्हणतात माप! बजरंग, वाटेत पट्ट्यांना हात लावायचा नाही. तुझ्या हलगर्जीपणानंच घोडी लंगडते, कळलं?"

"जी, धनी," बजरंग खाली मान घालून म्हणाला.

पेठेतून, झेंडूच्या पाट्यांमधून वाट काढत बजरंग काजळीला पर्वतीखालच्या माळावर घेऊन गेला. मागून तिघं, एका झाडाआडून दुसऱ्या झाडाआड. माळावर त्यानं तिला बराच वेळ फिरवलं. मग एका लिंबाखाली बसून चंची सोडली. आता! आता काहीतरी करणार! तिघांनी श्वास रोखले.

बजरंगनं तंबाखू तळहातावर घेतली, पण मळलीच नाही. काजळीकडे बघत तो म्हणाला, "धनी असतं, तर मला इचारलं असतं, बजरंग, काय झालं हिला. आता सगळी म्हनत्यात, तूच केलंस. तू तरी सांग की गं कुनाला." आणि त्यानं फेट्याच्या टोकानं डोळे पुसले.

झाडाआड तिघांनी एकमेकांकडे बघितलं. अनंतचे कान लाल झाले होते.

"या आता म्होरं," बजरंग मान न वळवता म्हणाला. "बाळराजांची शेंडी मघाधरनं दिसती हाय."

तिघं ओशाळून पुढे आले. मैनानं गुडघे टेकून मोजे बघितले. डावा मोजा घोट्यावर उतरला होता, उजवा फिरून बाजूला गेला होता. पण काजळाच्या रेघा? सगळ्या जशाच्या तशा! एकही तुटलेली नाही!

"म्हणजे पट्टा उघडलाच नाही," मैना सावकाश म्हणाली, "आणि तरी मोजा सैल झाला."

"भूत!" बाळ म्हणाला.

"कातडं!" अनंत ओरडला. "कातडं ताणलं गेलं असणार! चला, जीनगराकडे!"

दत्तोबा जीनगराचं दुकान बुधवाराच्या चौकात होतं. दसरा तोंडावर, त्यामुळे खोगिरं, लगाम, पट्टे यांचा ढीग लागलेला. दत्तोबांनी मुलांकडे चष्म्यावरून बघावं तसं बघितलं. चष्मा नव्हता, पण नजर तीच.

"काय पाहिजे?"

"दत्तोबाकाका, तुम्ही केलेले मोजे सैल होतात," बाळ म्हणाला.

"मग घोडीला तूप चारा."

"तुमचं कातडं वाढतं!" अनंत म्हणाला.

"माझं कातडं वाढत नाही. वाढतात ती पोरं, आणि तीसुद्धा नुसती उंचीनं." दत्तोबांनी हात पुढे केला. "मापाचा दोरा आणलाय का? का नुसतंच भांडायला आलात?"

मैनानं वाटेत घरात शिरून मोजाही घेतला होता आणि दोराही. सुतक फिटल्याच्या सकाळचा तो दोरा काकांनी देवघरात जपून ठेवला होता. दत्तोबांनी तो मोज्याच्या आतून फिरवला. दोऱ्याची गाठ मोज्याच्या कडेला नेमकी येऊन भिडली.

"दोऱ्यानं सांगितलं, तेवढं कापलं. तेव्हा तेवढं होतं, आजही तेवढंच आहे. अजून काही शंका? नाही? मग उजेड सोडा."

तिघं रस्त्यावर आले. "कातडं वाढलं नाही," अनंत वैतागून म्हणाला, "पट्टा सुटला नाही. मग काय, वाटेत घोडीचा पाय आटतो?"

आणि तो आपल्याच विनोदावर खदखदून हसला. बाळही हसला.

मैना हसली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती एकटीच ठाणावर गेली. काजळी रात्रभर दोरांत उभी होती. मैनानं तिच्या पायाच्या नळीवर अंगठा टेकला आणि दाबला. अंगठा काढला, तर तिथे खळगा! हळूहळू भरून येणारा, मऊसर खळगा.

 असाच खळगा तिनं कालपरवा बघितला होता. आईच्या पायावर! सुतकात आई कोपऱ्यात बसून राहिली, तेव्हा तिचे पाय सुजून जड झाले होते. मैना तिचे पाय चेपायची आणि प्रत्येक बोटाची खूण उमटून राहायची. मग आई उठली, पाणी भरू लागली, जात्यावर बसू लागली, आणि पाय उतरले.

काजळी पण सुतकात उभीच होती. आणि त्या सुजलेल्या पायांचं माप काकांनी घेतलं होतं! अजूनही रोज रात्री बांधून ठेवल्यावर पायांत थोडं पाणी उतरतं, म्हणून मोजे सकाळी चपखल. घोडी चालली, की सूज ओसरते, पाय बारीक होतात. मग मोजा घसरतो, वरून मुरूम शिरतो, आणि दर पावलाला तो मुरूम कातडी घासत राहतो. शत्रू नाही, भूत नाही, कुणीच नाही!

कोडं सुटलं होतं. धावत जाऊन अनंतला उठवावं, असं तिला वाटलं. ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

सांगितलं, तर नवे मोजे येतील. नवे मोजे आले, तर काजळी लंगडणार नाही. लंगडली नाही, तर ती जाणार. नद्या असतात तिकडे, पूर येतात तिकडे.

मैना घरात आली आणि भाजी निवडायला बसली.

थोड्या वेळानं अंगणातून काकांचा आवाज आला. "पट्ट्यांना अजून एकेक भोक पाड, बजरंग! आवळ! अजून आवळ! बघू आता कसे घसरतात!" मैनाचा हात थांबला, पण ती उठली नाही.

दुपारी काजळी परत आली, ती तीन पायांवर. आवळलेले मोजे घसरले होतेच, पण आता पट्ट्यांच्या कडा मांसात रुतल्या होत्या. डाव्या घोट्यातून रक्त येत होतं. तो पाय ती जमिनीवर टेकतच नव्हती, नुसता हवेत धरून थरथरत होती. मैना जवळ गेली. तिला वाटलं, काजळी आता तोंड फिरवील. पण काजळीनं आपलं जड डोकं मैनाच्या खांद्यावर ठेवलं आणि लांब श्वास सोडला. आबा आले, की त्यांच्या खांद्यावर ठेवायची, तसंच.

मैनाचा बांध फुटला. अनंत आणि बाळ धावत आले, तेव्हा ती हुंदके देत रक्त धूत होती. तिनं सगळं सांगितलं. खळगा, आईचे पाय, माप, सगळं.

"कधी कळलं तुला हे?" अनंतनं विचारलं.

"सकाळी."

"सकाळी? आणि तू..." अनंत चिडून बोलायला लागला आणि मध्येच गप्प झाला. तो बडबड्या होता, पण बिनडोक नव्हता.

बाळ दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. "म्हणजे बरी झाली, तर ती जाणार? आबांसारखी?"

"हो."

"मग नाही सांगायचं! कुणालाच नाही सांगायचं!" बाळनं काजळीच्या गळ्यातला दोर दोन्ही हातांनी धरला.

"तिला दुखतंय, बाळ," मैना म्हणाली. "आणि ती सांगू शकत नाही. आपण सांगू शकतो."

काकांना सांगणं मात्र सोपं नव्हतं.

"माप चुकलंय?" काकांच्या मिशा ताठ झाल्या. "ते माप मी घेतलंय! सुतक फिटल्यावर, देवाला स्मरून! आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आहेत, आणि आता वीतभर पोरं मला माप शिकवणार! जा, लगोऱ्या खेळा!"

"झालं," अनंत बाहेर येऊन म्हणाला. "सांगून पटणार नाही. त्यांच्याच हातून करवून घ्यायला हवं."

"कसं?"

अनंत विचार करू लागला. पण या वेळीही मैनालाच आधी सुचलं. देवघरात घटावर सहावी माळ लोंबत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नम्रपणे काकांपुढे उभी राहिली. "काका, घटाला रोज माळ चढते. आज काजळीच्या पायांनाही बांधू या? देवीनं पायांत बळ द्यावं म्हणून. आज मोजे नकोत, जखम ओली आहे."

काकांचे डोळे एकदम ओलावले. "बांधू की, पोरी! का नाही?"

"तुमच्याच हातानं बांधा. आणि घट्ट हं," अनंत पुढे सरकला. "वाटेत गळून पडली, तर अपशकुन व्हायचा."

"गळून पडते? माझी गाठ?" काकांनी झेंडूच्या माळा काजळीच्या नळ्यांवर अशा करकचून बांधल्या, की सुताखाली बोट घालायला जागा राहिली नाही. मग अनंतनं एक उरलेली माळ पुढे केली. "ही या खांबाला बांधा, काका. अशीच घट्ट. ठाणाचीही पूजा!"

"मोठा धार्मिक झालास रे!" काका म्हणाले आणि खांबालाही माळ आवळली.

बजरंगनं काजळीला सावकाश, मऊ जागेतून फिरवून आणलं. ती अंगणात आली, तेव्हा माळा नळ्यांवर नव्हत्या. त्या खुरांवर लोळत होत्या, जशा काही कुणी वरून अलगद टाकल्या असाव्यात!

काकांचा चेहरा पांढरा पडला. "अपशकुन..."

"अपशकुन नाही, काका," मैना म्हणाली. "गाठ बघा. तुमचीच आहे ना?"

काकांनी वाकून बघितली. "माझीच. सुटलेली नाही." मग सावरून म्हणाले, "फुलं सुकली असतील! सुकून माळ सैल झाली!"

"मग खांबावरची?" बाळ ओरडला. तो कधीचा त्याच वाक्यासाठी थांबला होता!

खांबावरची माळ सकाळी होती तशीच, आवळून बसलेली. काकांनी तिच्यात बोट घालून बघितलं. गेलं नाही. मग ते काजळीच्या पायाशी बसले. बराच वेळ ते तिच्या नळीवरून हात फिरवत होते.

"सकाळी पाय भरलेले असतात, काका," मैना हलकेच म्हणाली. "सुतकात तर फारच भरले होते. एका जागी उभी होती ना? आईचेही पाय असेच सुजले होते. बसून बसून."

"वहिनींचे?" काकांनी वर बघितलं. "मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही आत आलाच नाहीत," मैना म्हणाली. ती रागानं बोलली नव्हती. पण काकांनी मान खाली घातली, आणि त्यांच्या मिशांवरून एक थेंब झेंडूच्या फुलांवर पडला. मग ते बजरंगकडे वळले. "बजरंग, तुला उगाच बोललो."

"ऱ्हाऊ द्या, धनी," बजरंग म्हणाला आणि उगीचच काजळीची आयाळ विंचरायला लागला.

जखमेवर हळद-तेलाच्या पट्ट्या बसल्या. काजळीचे रात्रीचे दोर लांब झाले, म्हणजे तिला थोडं तरी हलता यावं. खपली धरेपर्यंत दसऱ्याचं सोनं वाटून झालं. आणि मग एके दिवशी काजळी फिरून आल्याबरोबर, अंगणात उभी असतानाच, मैनानं नवं माप घेतलं. प्रत्येक पायाचं वेगळं. डाव्या शिरेवर जरा फुगवटा होता, त्याचं वेगळं. नळीचं एक आणि घोट्याच्या वरचं एक.

"एवढे दोरे!" दत्तोबा म्हणाले. "घोडी आहे की गोम?"

"जाड कातडं नको, दत्तोबाकाका. ते वाकत नाही, कडेनं कापतं," मैना म्हणाली. तिनं ढिगातली कातडी एकेक करून मुठीत चुरगाळून बघितली आणि एक मऊ, तरी चिवट तुकडा पुढे ठेवला. "हे घ्या. वरच्या कडेला नमदा बाहेर दुमडून शिवा, म्हणजे मुरूम आत जाणार नाही. आणि पट्टे बाहेरच्या बाजूला हवेत. आत आले, तर दुसऱ्या पायात अडकतात."

दत्तोबांनी तो तुकडा हातात घेतला, दुमडला, सोडला. "हं," ते म्हणाले. दत्तोबांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं, असं अनंतनं बाहेर आल्यावर जाहीर केलं.

मोजे आले. मैनानं ते काजळीच्या पायात चढवले आणि प्रत्येक पट्ट्याखाली आपली करंगळी सरकवून बघितली. एक बोट जायला हवं, दुसरं जायला नको. बजरंगनं काजळीला पर्वतीच्या माळावरून पळवून आणलं. मोजे होते तिथेच होते. आत मुरमाचा कणसुद्धा नाही! बाळनं मोजा झटकून बघितला, पुन्हा झटकला, आणि मग तो मोजा पोटाशी धरून तिथंच बसून राहिला.

हजिरीच्या दिवशी गारपिराच्या माळावर घोड्यांची रांग लागली. पागेच्या कारकुनांनी काजळीला चालवून, दौडवून, वळवून बघितलं. "पसंत! हिंदुरावांचीच ना ही? लंगडते, असं ऐकलं होतं," ते म्हणाले. मग वाकून मोजे बघू लागले. "बेतशीर काम आहे! कुणी बसवले?"

"माझ्या पुतणीनं," काका म्हणाले. "माप चुकलं होतं माझं. या तीन पोरांनी दाखवून दिलं."

"असं? मग आमच्या पागेतल्या सगळ्या मोतद्दारांना यांच्याकडे शिकायला धाडतो!" कारकून हसले आणि त्यांनी अनंतच्या पाठीवर थाप मारली. अनंतची छाती इतकी फुगली, की अंगरख्याचे बंद तुटतात की काय, असं वाटलं. आजूबाजूचे स्वारही मान वळवून मुलांकडे कौतुकानं बघत होते. मैना काजळीच्या पोटाला टेकून उभी होती. एवढं सगळं तिला ऐकू येत होतं, पण लांबून.

कुचाच्या दिवशी मोजे तिनंच चढवले. बाळ आधी बाहेर यायलाच तयार नव्हता. "तू तिला बरं केलंस, म्हणून ती जातेय," एवढंच तो सकाळी म्हणाला होता. पण शेवटी तोही आला, मुठीत हरभरे घट्ट धरून. काजळीनं ते त्याच्या तळहातावरून ओठांनी टिपून खाल्ले.

"मैने," काका खोगिरावर बसण्याआधी म्हणाले, "तू हिंदुरावांची लेक शोभतेस. माग, काय हवं ते माग!"

"रोज तळावर पोचलात, की मोजे सोडून पाय बघायचे, काका. मग धुवायचे. दुसऱ्या दिवशी थोडं चालवूनच पट्टे शेवटचे आवळायचे."

"बघेन. माझ्या हातानं."

"नदीला पूर असला, तर थांबायचं."

काकांनी खोगिराचा पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला.

"आणि या खेपेला घोडी एकटी पाठवू नका," मैना म्हणाली.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच राहिला. मग ते स्वार झाले, बजरंगनं लगाम सोडला, आणि काजळी पेठेच्या वळणावर दिसेनाशी झाली. अनंत पार चौकापर्यंत धावत गेला आणि हात हलवत राहिला.

आई बाहेर आली नव्हती. निघणाऱ्या माणसाला तिनं समोर येऊ नये, असं लोक म्हणत. ती मागच्या दाराशी उभी होती.

"मोजे नीट बसले?" तिनं विचारलं.

"बसले."

"दुखत नव्हतं ना तिला?"

"नाही. आता अजिबात नाही, आई."

आईनं मैनाचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांना नव्या कातड्याचा, तेलाचा, घोडीच्या घामाचा वास येत होता. आईनं ते नाकाशी नेले आणि डोळे मिटले.

"मी हात धुऊन येते," मैना म्हणाली.

"राहू दे," आई म्हणाली. "थोडा वेळ राहू दे."